अक्तोबेचे साडेसहा

गुरुवारी संध्याकाळी चहा पिता पिता भागवतनं ठरवलं, की घरच्या कॉम्प्युटरचं घड्याळ एक तास मागं करून टाकायचं. हे ठरवायला त्याला जेमतेम अर्धा कप चहा लागला. एरवी साधी चप्पल घ्यायची तर हा माणूस दोन बाजार नुसता विचार करण्यात घालवतो. पण घड्याळाचं त्यानं उभ्या उभ्या ठरवून टाकलं, कारण विचार करायला वेळच नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला राखीला झोपेतून उठवायचं होतं.

राखी म्हणजे भागवतची धाकटी बहीण. ती कझाकस्तानात अक्तोबे नावाच्या शहरात डॉक्टरकी शिकत होती, आणि वाशिम जिल्ह्यातल्या मेडशीत बसून तिला रोज सकाळी उठवायचं काम भागवतकडं होतं.

हे जरा नीट सांगायला पाहिजे. राखीची झोप लहानपणापासून गल्लीत प्रसिद्ध. एकदा घरात साप निघाला. काठ्या घेऊन माणसं जमली, साप गेला, माणसं ओट्यावर बसून चहा पिऊन गेली, आणि त्यानंतर राखी डोळे चोळत बाहेर आली आणि म्हणाली, "मले चहा नाही ठेवला का?" अशी पोरगी परदेशी निघाली तेव्हा आई गोजराबाईंना थंडीची काळजी नव्हती, जेवणाचीही नव्हती. त्यांना एकच काळजी होती. "थ्या अलार्मच्या बापानं हे उठत नाही. मीच उठवीन इथून."

मग सगळी व्यवस्था लागली. कारंज्याच्या अमानच्या दुकानातून एक जुना कॉम्प्युटर आणला, कारण मोबाइलच्या एवढ्याशा काचेत पोरगी खरंच उठून बसली की नुसती कूस बदलली, ते गोजराबाईंना कळत नव्हतं. जायच्या आदल्या दिवशी राखीनं स्वतः बसून त्या कॉम्प्युटरचं घड्याळ अक्तोबेच्या वेळेवर लावून दिलं. अक्तोबे आपल्या अर्धा तास मागं. आपले सात वाजले, की तिथं साडेसहा. कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात साडेसहा झाले की तो वाजायचा. भागवत फोन लावायचा, पडद्यावर अंधारी खोली दिसायची, खोलीत पांघरुणाचा एक ढीग दिसायचा आणि गोजराबाई पदर सावरून हाक मारायच्या, "उठ वं बाई, उजाडलं." ढिगातून आधी एक हात निघायचा, मग केस, मग राखी. असं दीड वर्ष चाललं होतं. एक दिवस खाडा नाही.

भागवतनं शाळा नववीत सोडली. (त्यानं गणिताला सोडलं की गणितानं त्याला, याबद्दल घरात दोन मतं आहेत.) पुढं तो विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरायला शिकला आणि स्टँडमागं त्याचं स्वतःचं दुकान झालं. हातात तांब्याची तार आली की तो कोणाला ऐकत नाही. पण तार खाली ठेवली की तो लाजतो. चार माणसांत बोलायचं म्हटलं की त्याचे कान लाल होतात. घरात एक डॉक्टर होणार आणि त्यात रोज सकाळी सातला आपलाही वाटा असतो, हा विचार मात्र त्याला फार मोठा वाटायचा. दुकानात कोणी विचारलं, "राखी कशी हाये, भागवत?" तर तो मान खाली घालून सांगायचा, "उठवली आज टाइमावर."

तर गुरुवारी दुपारी, व्हार्निश लावलेली एक मोटार उन्हात वाळत ठेवून भागवत मोबाइल पाहत बसला होता, तेव्हा त्याला ती बातमी दिसली. एक मार्चपासून कझाकस्तान आपलं घड्याळ एक तास मागं करणार. खाली आणखी एक ओळ होती, की यापुढं सबंध देशात एकच वेळ राहील. ती ओळ भागवतनं वाचली आणि सोडून दिली. देशात एकच वेळ असते, हे काय सांगायचं. आपल्या इथं काश्मीरपासून केरळापर्यंत सात म्हणजे सात. बातमीवाल्यांना जागा भरायची असते.

पण पहिल्या ओळीनं त्याला धरून ठेवलं. सबंध देश. त्यातल्या आगगाड्या, दवाखाने, शाळा, पोलीस, लग्नातली माणसं, दूध घालणाऱ्या बाया, सगळे मिळून एकदम एक तास मागं जाणार. मेडशीत ग्रामसभा अकराला बोलावली तर एकापर्यंत पाच डोकी जमत नाहीत. आणि तिथं एवढा देश एका हुकमात हलणार होता.

संध्याकाळी त्यानं ही गोष्ट घरात सांगितली. वडील रामराव बाजेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. त्यांचे हात थांबले.

"मांगं करते म्हंजे? मंग थो एक तास जाते कुठी?"

"जात नाही बाबा. थो तास त्याईले दोनदा भेटते. आज त्याईच्या इथं बारा वाजले की परत अकरा वाजतीन."

"परत अकरा?"

"परत अकरा. अन आज एकोणतीस फेब्रुवारी. आधीच चार वर्सातून एकदा येनारा दिवस. थोबी त्याईले पंचवीस तासाचा भेटून राह्यला."

गोजराबाईंनी कपाळावरचा पदर मागं घेतला आणि हळूच विचारलं, "त्या वरच्या तासात एखांदं लेकरू झालं, त त्याची पत्रिका कशी मांडतीन?"

त्या लेकराचा विचार करून भागवतच्या अंगावर काटा आला.

रामराव सावरले. "आपल्याले कोनाची घडी पाहाची गरज नाही. पृथ्वीची मधली रेघ आपल्या वाशिमातून जाते. मध्यमेश्वराच्या देवळातून. जुन्या लोकाईनं तिथूनच टाइम मोजेल हाये. बाकीच्याईनं आपआपला पाहावा." असं म्हणून त्यांनी पुढची शेंग घेतली, पण ती सोलली नाही. हातातच धरून ठेवली.

भागवतची बायको वैजयंती चुलीपाशी भाकरी थापत होती. ती म्हणाली, "एकदा राखीताईले इचारून घ्या न."

"तिनं सांगतलं हाये, परीक्षा होतपर्यंत फोन करू नका म्हनून. फक्त सकायी उठवा."

"एक मेसेज टाकाले काय जाते?"

"अभ्यास करून राह्यली थे. तिचं मन कायले मोडा? घडीचं काम हाये, माहं मी करतो."

ही परीक्षा साधी नव्हती. शुक्रवारी सकाळी आठला तोंडी परीक्षा. आठला दाराशी हजर नसलं तर नंबर कटणार आणि परत द्यायची तर थेट उन्हाळ्यात. म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी गेली. म्हणजे राखी घरी येणार नाही. दीड वर्षात ती एकदाही आली नव्हती. गोजराबाईंनी तिच्यासाठी पापडांचे डबे आत्ताच मोकळे करून घासून ठेवले होते. हे सगळं आता उद्या सकाळच्या साडेसहावर टेकलं होतं, आणि ते साडेसहा नेमके कधी वाजणार, हे कझाकस्तानच्या सरकारनंतर भागवतच्या हातात होतं.

जेवणाआधीच तो कॉम्प्युटरपुढं बसला. हात साबणानं दोनदा धुतले, तरी व्हार्निशचा वास राहिलाच. कोपऱ्यातल्या वेळेवर त्यानं माउस टेकवला, एक चौकट उघडली, चौकटीतून दुसरी उघडली, आणि त्यातून एक यादी खाली घरंगळत आली.

एवढी गावं एकाखाली एक त्यानं फक्त अकोला स्टँडच्या फळ्यावर पाहिली होती. पण ही बसची गावं नव्हती. तो एकेक स्पेलिंग जुळवत वाचत गेला. टोकियो. काबूल. मॉस्को. प्रत्येकाच्या आधी आकडा. कुठं अधिक, कुठं उणे. जगातला प्रत्येक माणूस यातल्या कोणत्या तरी एका ओळीत राहत होता. नुसतं पाहायला म्हणून त्यानं एका ओळीवर बोट दाबलं, तर कोपऱ्यातली वेळ फिरली आणि सकाळ झाली. दुसरीवर दाबलं तर तारीखच बदलून उद्या आला. भागवतनं घाबरून माउस सोडून दिला आणि खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर मेडशीत संध्याकाळच होती. म्हैस उभी होती.

"बाबा, नेपाळ आपल्या पंधरा मिनिटं पुढं हाये," तो म्हणाला.

"पंधरा मिनिटासाठी कोनी येगळं निंगते का?" रामराव उठून मागं येऊन उभे राहिले होते.

"देश हाये. निंगू शकते."

राखीनं लावून ठेवलेली ओळ त्याला सापडली. तिथं ताश्कंद होतं, अधिक पाच. अक्तोबेचं नाव यादीत कुठंच नव्हतं, म्हणजे पोरीनं शेजारच्या देशातलं जुळणारं गाव घेतलं होतं. किती हुशार. आता तिचा देश एक तास मागं जाणार, म्हणजे अधिक चार पाहिजे. अधिक चारमध्ये पहिलंच नाव होतं अबू धाबी.

अबू धाबीला एकदम हात घालायची त्याची हिंमत झाली नाही. त्यानं कारंज्याला अमानला फोन लावला. कॉम्प्युटर त्याच्याच दुकानातला, तेव्हा दुखलंखुपलं त्यालाच विचारायची पद्धत होती.

"अमान भाई, घडी एक तास मांगं कराची हाये. अबू धाबी टाकू का?"

"टाक न बिनधास्त. आपले जमशेद मामू तिथंच हायेत, फर्निचरच्या कामावर. थांब, आताच्या आता त्याईले टाइम इचारतो, पक्कं काम करू."

तेवढ्यात भागवतनं जीव मुठीत धरून अबू धाबीच्या ओळीवर दाबलं. दोन मिनिटांनी अमानचा फोन आला. "मामूच्या हातावर सहा वाजून वीस. तुह्या कॉम्प्युटरात?"

"सहा वीस."

"मंग झालं. एका मिनिटाचा फरक नाही. मामू म्हनत होते, कोनाले पाह्यजे थो टाइम?"

"बहिनीले उठवाले."

"थे तिथं असते का?"

"नाही. थे कझाकस्तानात असते."

अमाननं फोन या कानावरून त्या कानावर घेतला. मग म्हणाला, "चालते. मामूचा टाइम कुठीबी चालते. चांगला मानूस हाये."

भागवतनं 'ओके' दाबलं. मेडशीतल्या एका खोलीत, कझाकस्तानसाठी, अबू धाबीचं घड्याळ चालू झालं. त्याला एवढं भरून आलं, की त्या दिवशी त्यानं भाकरीही कमी खाल्ली.

शुक्रवारी सकाळी तो सातच्या आधीच कॉम्प्युटरपुढं बसला. मोबाइलात सात झाले तेव्हा कॉम्प्युटरात साडेपाच होते. सगळं ठरल्यासारखं चाललं होतं. गोजराबाई रोजच्यासारखा चहाचा पेला घेऊन आल्या, स्टुलावर बसल्या, पदर नीट केला आणि म्हणाल्या, "लाव."

"अजून एक तास हाये."

"काहून?"

"काल सांगतलं न आई. तिथं आता साडेपाच वाजले."

गोजराबाईंनी दाराकडं पाहिलं. "ऊन उंबऱ्यावर आलं. ऊन उंबऱ्यावर आलं की राखीले उठवतो आपन."

"थे ऊन आपल्या इथचं हाये."

"तिथचं ऊन येगळं हाये का?"

"आई, तिथच्या सरकारनं घडी मांगं केली."

"घडी केली न. सूर्य नाही केला?"

भागवतला वाटलं, प्रश्न चांगला आहे. पण अशा चांगल्या प्रश्नांनीच तो नववीत अडकला होता, म्हणून त्यानं उत्तर द्यायचं टाळलं. गोजराबाई स्टुलावर चुळबुळ करत राहिल्या.

"लाव रे. पोरगी खोळंबली असन."

"झोपेल मानूस कसा खोळंबते, आई?"

गोजराबाईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग त्याच तोंडानं चहाचा घोट घेतला.

तेवढ्यात भागवतचा मोबाइल वाजला. राखीचं नाव. भागवतनं कॉम्प्युटरकडं पाहिलं. पाच पस्तीस. त्यानं फोन कट केला.

"राखीचा होता न?" गोजराबाई उभ्या राहिल्या.

"झोपीत हात लागला असन."

फोन परत वाजला. त्यानं परत कट केला. तिसऱ्यांदा वाजला.

"तीनदा हात लागते का रे?"

"धास्ती घेतली तिनं परीक्षेची. पाचलेच जागी झाली असन. आता उचलला त बोलत बसन, अन उरलीसुरली झोपबी जाईन. एक तास फुकट भेटेल हाये तिले, झोपू दे." असं म्हणून भागवतनं मोबाइल बंदच करून टाकला आणि तांदळाच्या डब्यावर ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा तो बहिणीला काहीतरी मोठं देत होता. कझाकस्तानच्या सरकारनं दिलेला अख्खा एक तास तिच्या डोळ्यांपर्यंत न सांडता पोचवायचा होता.

रामराव आंघोळ करून आले. "अजून नाही उठवली?"

"सरकारचा एक तास चालू हाये, बाबा."

"तुह्या सरकारची..." रामराव म्हणाले, आणि कोपऱ्यात बसून राहिले.

पाच मिनिटं गेली. आतल्या खोलीत वैजयंतीचा फोन वाजला. ती फोन कानाला लावून मागच्या दारानं म्हशीकडं गेली. बराच वेळ आली नाही. मग तिची हाक आली. "आत्याबाई, जरा इकडं येता का? म्हैस कशी तरी करून राह्यली."

गोजराबाई चडफडत गेल्या. थोड्या वेळानं परत आल्या, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरची सगळी चुळबुळ गेली होती. त्या स्टुलावर बसल्या, राहिलेला चहा निवांत प्यायल्या आणि म्हणाल्या, "बरं, तू म्हनतं तसं. एक तासानं उठवू."

भागवतला बरं वाटलं. शेवटी शास्त्र पटलं.

"काय झालं म्हशीले?" रामरावांनी विचारलं.

"तुमीच जाऊन पाहा."

रामराव गेले. तेही परत आले आणि एकदम शांत बसले. एकदा त्यांनी भागवतच्या पाठीवरून हात फिरवला. असं त्यांनी याआधी फक्त तो नववीत नापास झाला तेव्हा केलं होतं. भागवतला जरा नवल वाटलं, पण कॉम्प्युटर सोडून म्हैस पाहायला जाणं शक्य नव्हतं. तो पडद्याकडं पाहत बसला. सहा. सहा दहा. एकेक मिनिट बदलताना त्याला दिसत होतं, की तिकडं बर्फाच्या त्या गावात आपली बहीण शांत झोपलेली आहे. डोक्यात तिच्या हाडांची आणि नसांची सगळी नावं नीट रचलेली आहेत, आणि इकडं आपण पहाऱ्याला आहोत. नाव सांगता येईल असं एकही हाड भागवतला ठाऊक नव्हतं. पण ज्याला ठाऊक आहेत त्याच्या झोपेची राखण तरी आपण करू शकतो. त्याचे डोळे भरून आले. आतून फोडणीचा वास आला आणि कोणीतरी हसल्यासारखं वाटलं.

साडेसहा झाले. कॉम्प्युटर वाजला.

"चला, टाइम झाला," भागवत म्हणाला. कोणी उठलं नाही. आतून वैजयंती म्हणाली, "तुमी लावा, मी पोहे टाकून राह्यली."

त्यानं कॉल लावला. पडदा उजळला तो एकदम पांढरा झाला. भागवतला वाटलं, कॅमेरा गेला. मग त्या पांढऱ्यातून एक टोपी दिसली, टोपीखाली मफलर, मफलरच्या वर राखीचं नाक. मागं अर्धवट उजाडलं होतं, बर्फातून माणसं भराभरा चालली होती आणि एक मोठं फाटक दिसत होतं.

"दादा, फोन काहून बंद केला?"

"तू... उठली?"

"साडेसात वाजून राह्यले, दादा. मी कॉलेजच्या गेटवर हाये."

"साडेसहा."

"साडेसात."

"सरकारनं एक तास मांगं नाही का केला?"

राखी चालता चालता थांबली. तिच्या तोंडातून वाफ निघाली, आणि त्या वाफेतून हसू. "आमचा नाही केला. बाकीच्याईचा केला."

"देश त एकच हाये न?"

"देश एक, पन टाइम दोन होते, दादा. राजधानी अन तिकडचा सारा भाग आमच्या एक तास पुढं होता. आमचं अक्तोबे आधीपासूनच मांगं. आता थे सारे आमच्या टाइमावर आले. आमच्या इथं काडीचाबी फरक नाही झाला."

इतक्या गोष्टी ऐकून भागवत गडबडला नव्हता तेवढा या एका गोष्टीनं गडबडला. एका देशात दोन वेळा. म्हणजे तो ज्याच्यावर पाय देऊन उभा होता, ती जमीनच तिथं नव्हती. सातच्या बातम्या तिथल्या लोकांनी कोणत्या सातला पाहिल्या असतील, हे त्याला कळेना. बातमीतली दुसरी ओळ त्याला आठवली आणि कान लाल झाले.

मागं गोजराबाई येऊन उभ्या होत्या. त्यांनी हे सगळं ऐकलं आणि त्यांच्या डोक्यात ते बरोबर बसलं. "म्हंजे येवढा देश आपल्या राखीच्या टाइमावर आला," त्या हळूच म्हणाल्या.

"येनारच," रामराव म्हणाले. "मधल्या रेघेवरची पोरगी हाये."

तिघांनीही पडद्याकडं पाहिलं. पडद्यात राखी नाक पुसत होती. पण त्या क्षणी ती नेहमीपेक्षा उंच दिसत होती, असं भागवत अजूनही सांगतो.

"वयनी, तुमी दादाले सांगतलं नाही का?" राखीनं विचारलं.

वैजयंती पोह्यांच्या प्लेटा घेऊन आली. "सांगनार होती मी. पन हे इतकं मन लावून बसले होते, की जीव नाही झाला."

"म्हंजे तुले माहीत होतं?" भागवतनं विचारलं.

"सातलेच. राखीताईचा मलेच आला फोन."

"मंग म्हैस?"

"म्हैस चांगली हाये."

भागवतनं वडिलांकडं पाहिलं. रामराव पोह्यांतल्या मिरच्या बाजूला काढू लागले. आता त्याला सगळं समजलं होतं, एक सोडून.

"पन तुले उठवलं कोनं?" त्यानं राखीला विचारलं. "सातले मी नाही उठवलं. अलार्मनं तू उठत नाही."

राखीनं पडद्यातून आईकडं पाहिलं. "आई, सांगू का?"

"सांग बाई आता. नाही त उद्या हा आनखी एखांद्या देशाची घडी फिरवन."

"मी पाचले उठतो, दादा. रोज. पहिल्याच महिन्यात सवय लागली. इथं नाही उठलं त बाथरूमचा नंबर नाही लागत."

"मंग साडेसहाले?"

"साडेसहाले परत पांघरून घेतो. बूट घालूनच झोपतो, वेळ नको जायले. एकदा त अॅप्रनबी घालेल होता. तुले दिसला नाही."

भागवतनं मनातल्या मनात हिशोब केला. दीड वर्ष. पाचशेच्या वर सकाळी ही पोरगी बूट घालून, अभ्यास सोडून, पांघरुणात शिरली होती आणि आईच्या हाकेची वाट पाहत पडून राहिली होती. आणि दर सकाळी अगदी खऱ्यासारखी, केस विस्कटून, डोळे चोळत उठली होती. हाडांची नावं पाठ करण्यापेक्षा हे त्याला अवघड वाटलं. सबंध देशाला मागं नेणं सुद्धा यापुढं सोपं वाटलं. तो बहिणीकडं पाहतच राहिला.

"येवढं कायले, राखी?" त्यानं विचारलं. "आईच्या मनासाठी?"

राखी काही बोलणार तोच मागून कोणीतरी तिला हाक मारली. "दादा, मी जातो आत. तिसरा नंबर हाये माहा. आई सांगन तुले." पडदा काळा झाला.

भागवतनं आईकडं वळून पाहिलं. गोजराबाईंनी पोह्यांचा एक घास शांतपणे खाल्ला.

"राखी इथं होती तवा तू किती वाजता उठत होता?" त्यांनी विचारलं.

"मी? नऊ... साडेनऊ."

"दुकानापुढं लोकं मोटारी घेऊन उभे राहत, अन तू आत घोरत. बाबाचं ऐकत नवता. माहं ऐकत नवता. हे नवी नवरी, हिनं लाजून कितीक हाका माराव्या? म्हनून राखीनंच जायच्या आधी सांगतलं, का आई, दादा सोतासाठी नाही उठनार, पन मले उठवा लागते म्हनलं त उठन." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "अन उठला. दीड वर्स झालं, साडेसहाले टुनकन उठून बसते."

वैजयंतीनं तोंडाला पदर लावला. भागवतनं गुपचूप माउस हातात घेतला, यादी उघडली, अबू धाबी काढलं आणि ताश्कंद परत लावलं. कोपऱ्यातलं घड्याळ एक तास पुढं सरकलं.

रामराव बाजेवर बसून बराच वेळ छताकडं पाहत होते. त्यांना पुढची काळजी पडली होती.

"चार वर्सानं डॉक्टर होऊन वापस आली थे, त मंग काय करा?" ते म्हणाले. "मले वाटते, एम.डी.लेबी तिले तिकडंच ठेवा लागन."

गोजराबाईंनी मान डोलावली. वैजयंतीनंही डोलावली. घरात या गोष्टीवर पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

भागवतनं कॉम्प्युटर बंद केला आणि पोह्यांची प्लेट जवळ ओढून खाली मान घालून विचारलं, "एम.डी. किती वर्साचं राह्यते?"